चढणाऱ्याचा मान

पावसाळ्यात आंबोलीचा घाट मोटारसायकलवरून उतरणे म्हणजे संयमाची शिकवणीच होय. वर्षाकाठी ७०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात धुके दाटले की दहा पावलांपलीकडचे वळणही हरवते. दिव्याचा झोत समोर प्रखर सोडावा, तर धुके तो आपल्याच डोळ्यांवर परत फेकते. झोत खाली झुकवला तरच वाट दिसते. निसरड्या उतारावर सारा भार ब्रेकवर टाकून भागत नाही. दुसऱ्या गिअरमधले इंजिनच गाडीला आवरून धरते.

एका जुलै महिन्यात पत्नीला मागे बसवून मी बेळगावहून सावंतवाडीस निघालो होतो. घाटातील एका अरुंद वळणावर खालून ट्रकची घरघर ऐकू आली. मी गाडी कडेला घेतली.

"अहो, भिजतोय आपण. पुढे का नाही जात?" पत्नीने विचारले.

"आधी त्याला चढू दे," मी म्हणालो.

मालाने लादलेला तो ट्रक कण्हत कण्हत वर आला. चालकाने हात उंचावला आणि क्षणात तो धुक्यात दिसेनासा झाला.

घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा रहदारीचा नियमच आहे. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे सोपे असते. चढावर थांबलेली भरली गाडी हलवणे मात्र महाकठीण. मागे घरंगळण्याचे भय वेगळेच.

आपल्या घरांतही कोणी ना कोणी चढावर असतोच. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी सून असेल, नोकरीच्या शोधात दमलेला मुलगा असेल. अशा वेळी उतारावर असलेल्यांनी घटकाभर कडेला उभे राहावे. थोडे भिजावे लागेल, इतकेच.