शायरांची कुस्ती

‘डेफ जॅम : फाइट फॉर एनवाय’ हा २००४ सालचा व्हिडिओ गेम आम्ही नुकताच प्रथम पाहिला. स्नूप डॉग, मेथड मॅन, बस्टा राइम्स असे खरेखुरे रॅपर एकमेकांना भिंतीवर आपटतात. भोवतीची गर्दी तोल गेलेल्याला धरून पुन्हा आत ढकलते. खेळ रंगतो, हे कबूल! पण ही तर शब्दांची माणसे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७१ साली टोळ्यांनी तह केला. १९७३ पासून त्याच वस्तीत हिप-हॉप वाढले. मुठी सोडून यमकांनी प्रतिस्पर्ध्याला गप्प करायची रीत तिथल्या पोरांनी रुजवली. वर्गात बैतबाजी घेणाऱ्या आम्हांला ती परकी वाटत नाही. या खेळाने मात्र शायरांच्या हाती पुन्हा ठोसेच दिले. गाणी आहेत, पण मारामारीच्या मागे वाजण्यापुरती.