तांड्यांतला सर्वांत मंद बैल

बाजारांत जाऊन वस्तु पसंत करणें आणि आपल्याला काय पाहिजे हें ठरविणें या दोन क्रिया एकच आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. बैल घेणारा शेतकरी या भ्रमांत क्वचितच सांपडतो. आपली जमीन काळी आहे कीं मुरमाड, हें तो आधीं मनाशीं आणतो आणि मग जनावराचे दांत पाहतो. संगणक घेणारा सुशिक्षित मनुष्य मात्र बहुधा प्रथम दांतच मोजूं लागतो. प्रोसेसरांत कोअर किती, त्याची गति किती, तो या वर्षींचा कीं गेल्या वर्षींचा, यांत त्याचे पंधरा दिवस जातात; आणि यंत्राकडून काम कोणतें करून घ्यावयाचें हा प्रश्न शेवटपर्यंत दाराबाहेर उभा राहतो.

व्हिडिओचें संकलन करण्याजोगा एक संगणक जुळवावा असें आम्हीं मनांत आणलें, तेव्हां या प्रश्नास घरांत घेणें आम्हांस भागच होतें. आमचें वास्तव्य वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी येथें. बंजारा समाज या गांवास आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, जगदंबेचें देऊळ आहे, आणि रामनवमीस येथें मोठी यात्रा भरते. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतींत 'बंजारा विरासत' हें संग्रहालयहि उघडलें. दागिने, वस्त्रें, चित्रें हीं संग्रहालयांत राहूं शकतात. गाणें मात्र गाणाऱ्याच्या गळ्यांत राहतें आणि त्याच्याबरोबर जातें. होळीच्या लेंगी काय किंवा सासरीं निघालेल्या मुलीचा ढावलो काय, हें सारें गोरबोलींत आहे. त्या बोलीस स्वतःची लिपि नाहीं, आणि २०११ च्या जनगणनेंत लमाणी-लंबाडी या नांवानें तिची मोजदाद हिंदीच्या पोटांत झालेली आहे. म्हणून तीन होळ्यांच्या अवधींत आसपासच्या तांड्यांतील वृद्ध स्त्रियांचीं गाणीं आम्हीं कॅमेऱ्यानें टिपून घेतलीं. तो संग्रह सुमारें साठ तासांचा झाला. गाणाऱ्यांपैकीं दोघी आज हयात नाहींत.

आतां या साठ तासांचें ओझें किती तें पाहूं. चित्राच्या प्रत्येक चौकटींत सुमारें ८३ लक्ष ठिपके असतात, आणि अशा चौकटी सेकंदाला २५. त्या जशाच्या तशा सांठवूं म्हटलें तर चार टेराबाइटची डिस्क दोन तासांच्या सुमारास भरून जाईल. म्हणून कॅमेरा तलाठ्याची युक्ति करतो. तलाठी ज्याप्रमाणें सातबाऱ्याचा पूर्ण उतारा एकदां लिहितो आणि पुढें केवळ फेरफारांची नोंद घेतो, त्याप्रमाणें कॅमेरा एक चौकट पूर्ण लिहून पुढील अनेक चौकटींतला नुसता बदल टिपतो. एच. २६५ नांवाच्या पद्धतीचें सार हेंच. आमच्या कॅमेऱ्याच्या मानानें यामुळें तासाचें ओझें ४५ गिगाबाइटवर येतें. परंतु जागा वांचली तिची किंमत वेळानें द्यावी लागते. अमुक दिवशीं जमीन कोणाची होती हें पाहणाऱ्यास मागच्या साऱ्या नोंदी चाळाव्या लागतात. संकलकास तर क्षणांत मागें, क्षणांत पुढें असें सारखें जावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं संगणकास फेरफारांचें बाड नव्यानें उलगडावें लागतें.

त्यांत आमचा विषय मुलखावेगळा अवघड. बंजारा स्त्रियांचे फेटिया आणि कांचळी यांवर आरशांचे तुकडे जडविलेले, आणि रंग बहुधा लाल. चमचमणारा आरसा प्रत्येक चौकटींत बदलतो, म्हणजे फेरफारांची नोंद वाढते. आणि लाल रंगाची कडा ही तर काटकसरी चित्रणाची कसोटीच होय. साध्या ४:२:० पद्धतींत चार ठिपक्यांमिळून रंगाची एक नोंद होते, तर ४:२:२ पद्धतींत दोहोंमिळून एक. म्हणून आम्हीं चित्रण दुसऱ्या पद्धतीनें केलें, आणि प्रोसेसरची निवड त्याच क्षणीं अर्धी होऊन गेली.

कारण असें कीं, एच. २६५ चें बाड उलगडण्यासाठीं हल्लींच्या यंत्रांत एक स्वतंत्र मंडल असतें. पण ४:२:२ ची लिपि सर्वच मंडलांस वाचतां येत नाहीं. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २६५के या प्रोसेसरच्या अंगच्याच ग्राफिक्समध्यें ती सोय आहे. ए.एम.डी.चा रायझेन ९ ९९५०एक्स हा सोळा कोअरांचा प्रोसेसर अनेक कामांत बलवान्; परंतु त्याच्या अंगच्या ग्राफिक्सला ही लिपि येत नाहीं. त्याला एन्व्हिडियाचें २०२५ सालापासून निघालेल्या ५० क्रमांकाच्या मालिकेंतील कार्ड जोडलें म्हणजे ती उणीव भरून निघते, पण त्या कार्डाचे पैसे वेगळे. ॲपलच्या मॅक मिनी एम४ मध्येंहि ही सोय आहे. मात्र त्याची रॅम विकत घेतांना जेवढी असेल तेवढीच जन्मभर राहते.

अकोल्याच्या एका दुकानांत आम्हीं आमचा प्रोसेसर सांगितला, तेव्हां तेथील तरुण अदबीनें म्हणाला, “सर, केएफ घ्या. तोच प्रोसेसर आहे, दोन पैसे कमी पडतील.” त्याचें म्हणणें बहुतेकांच्या बाबतींत बरोबरच होतें. परंतु शेवटच्या त्या 'एफ' अक्षराचा अर्थ, प्रोसेसरच्या अंगचें ग्राफिक्स बंद केलेलें आहे असा होतो. म्हणजे ज्या मंडलासाठीं आम्ही तो घेणार, नेमकें तेंच त्यांत नाहीं. काम ठाऊक असलें म्हणजे एका अक्षराची किंमत कळते ती अशी.

बाकीच्या भागांविषयीं आम्हांस मार्गदर्शन झालें तें गांवाच्या इतिहासाकडून. रेल्वे येण्यापूर्वीं धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे देशभर फिरत. अशा तांड्याचा वेग अग्रभागींच्या उमद्या बैलावर ठरत नाहीं. तो सर्वांत मंद बैलाच्या पावलानें ठरतो. संगणकाचेंहि तसेंच आहे. प्रोसेसर कितीहि चपळ असो, रॅम सोळाच गिगाबाइट असली तर तो वाट पाहत बसतो. म्हणून बत्तीस ही खालची मर्यादा, आणि ऐपत असल्यास चौसष्ट. तीहि चार पट्ट्यांनीं न भरतां दोहोंनीं भरावी, कारण डी.डी.आर. ५ जातीच्या चार पट्ट्या बसविल्या कीं त्यांचा वेग बहुधा उतरतो. चालू काम एस.एस.डी.वर असावें. विदर्भाचा उन्हाळा हाहि एक बैलच समजावा: खोलींत ४२ अंश उष्णता असतांना पंखा प्रोसेसरला ४२ च्या खालीं नेऊं शकत नाहीं, आणि तापलेला प्रोसेसर आपण होऊन मंदावतो. पेटी हवेशीर घ्यावी, पॉवर सप्लाय गरजेहून मोठा घ्यावा, आणि वीज गेली तर काम सांठवून यंत्र बंद करण्यापुरता यू.पी.एस. ठेवावा.

येथवर आमचें आणि आमच्या पुण्याच्या पुतण्याचें एकमत होतें. मतभेद झाला तो शेवटच्या रकमेवर. तेवढ्या पैशांत आणखी वरच्या दर्जाचा प्रोसेसर येत होता, किंवा चार टेराबाइटच्या दोन जादा हार्ड डिस्क येत होत्या. पुतण्या म्हणाला, “काका, डिस्क पुढच्या वर्षींहि घेतां येतील. प्रोसेसर मात्र पुन्हांपुन्हां बदलत नाहीं.” युक्तिवाद सबळ होता, आणि हिशेबी मनुष्यास पटण्याजोगा होता. परंतु मंद प्रोसेसरवर उपाय आहे. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती, ज्यांस संकलक प्रॉक्सी म्हणतात, त्या रात्रींतून काढून ठेवाव्या. तासाला सोळा-सतरा गिगाबाइट जागा लागते, पण मग साधें यंत्रहि सुरळीत चालतें, आणि शेवटीं मूळ चित्रण पुन्हां जोडतां येतें. म्हणजे प्रोसेसर कमी पडला तर आमच्या दोन-चार रात्री जातील. डिस्क गेली आणि दुसरी प्रत नसली तर त्या दोन वृद्ध स्त्रियांचा आवाज जाईल, आणि तो विकत मिळण्याचें दुकान अकोल्यास नाहीं, पुण्यास नाहीं, कोठेंच नाहीं.

महाराष्ट्रास हा धडा नवा नसावा. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेस जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडेस छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई घरीं अंधारांत बसून करीत. यंत्रसामग्री इतकी बेताची कीं आजचा कोणताहि विद्यार्थी तिला हंसेल. तरी १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. काम अडलें नाहीं. परंतु त्या चित्रपटाचा आज अंशच उरलेला आहे. पुढें २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारांत, नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांचीं रिळें भस्मसात् झालीं. ज्यांची प्रत अन्यत्र होती त्यांची हानि भरून निघण्याजोगी होती; ज्यांची नव्हती त्यांचें केवळ नांव राहिलें. आमच्या पूर्वसूरींस यंत्र कधीं उणें पडलें नाहीं, उणी पडली ती दुसरी प्रत.

तेव्हां आम्हीं प्रोसेसर मधल्या दर्जाचाच घेतला आणि डिस्क घेतल्या. संग्रहाच्या तीन प्रती झाल्या: एक चालू यंत्रांत, दुसरी आमच्या कपाटांत, आणि तिसरी पुतण्याच्या घरीं पुण्यास, कारण एकाच छपराखालीं ठेवलेल्या दहा प्रती आगीच्या हिशेबीं एकच होत. दूर ठेवण्याच्या प्रती हार्ड डिस्कवर घेतल्या, कारण दीर्घकाल विजेवांचून पडून राहिलेल्या एस.एस.डी.तील मजकुराचा भरंवसा धरतां येत नाहीं. वर्षांतून दोनदां त्या डिस्क जोडून आंतील गाणीं उघडतात कीं नाहीं हें पाहण्याचाहि नेम ठरविला आहे.

कोणतें यंत्र उत्तम, असें वाचकांपैकीं कोणी विचारील तर त्याचें एकच उत्तर आम्हांस देतां येणार नाहीं. वर सांगितलेले प्रोसेसर चार वर्षांनीं जुने होतील आणि त्यांच्याविषयींचा हा मजकूरहि शिळा होईल. ज्याच्या घरीं आजीच्या ओव्या फोनमध्यें आहेत, नातवाचें पहिलें पाऊल आहे, किंवा वडिलांचा आवाज आहे, त्यानें खरेदीस निघण्यापूर्वीं एक गोष्ट मात्र कागदावर लिहावी: यांतलें काय गेलें असतां पुन्हां मिळणार नाहीं? तेवढ्याची व्यवस्था प्रथम करावी. मग उरलेल्या पैशांत जो प्रोसेसर बसेल तो खुशाल घ्यावा.