प्रोसेसर सगळ्यात शेवटी

गेल्या महिन्याभरात तीन घरांतून एकच निरोप आलाय. "भाच्याला तू तो गेमिंगचा पीसी जुळवून दिलास ना, त्याची यादी पाठव."

मंडळी, यादी पाठवायला दोन मिनिटं लागतात हो. पण ती यादी २०२४ च्या ऑक्टोबरमधली आहे, एका ठरावीक स्क्रीनसाठी आहे आणि एका ठरावीक घोड्यासाठी आहे. (घोड्याचं पुढे सांगते.) ती जशीच्या तशी उचलून कुणी दुकानात गेलं, तर पैसे जातील आणि वर आत्याचं नाव खराब होईल. म्हणून यादीऐवजी ती कशी झाली तेच लिहून टाकते.

पहिली गोष्ट. सगळे जण सुरुवात करतात ती प्रोसेसरपासून. "आय सेव्हन आहे ना?" हा प्रश्न मला आजवर इतक्या वेळा विचारला गेलाय की आता तो "मुलगा इंजिनिअर आहे ना?" सारखा वाटतो. कुठल्या सालचा, हे कुणी विचारत नाही! बाजारात "आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, रंगीत दिवे" अशी स्वस्तातली जाहिरात दिसली की आतला आय सेव्हन बरेचदा चौथ्या पिढीचा निघतो, म्हणजे २०१३ सालचा. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ च्या जानेवारीत आलेला बारीकसा आय थ्री १२१०० घ्या, त्यालाही चार कोअर आणि आठ थ्रेड, आणि प्रत्येक कोअर त्या म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी चपळ. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा तीन, पाच, सात हे आकडे बघण्याआधी त्यांच्या पुढचा आकडा बघा. १२४०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते.

आता पैशांचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आईने २०१९ मध्ये नातवाच्या नावाने पोस्टात महिना हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली होती. "त्याच्या कॉम्प्युटरला होतील," म्हणायची. २०२३ मध्ये आई गेली. उरलेले हप्ते दादाने भरले. २०२४ मध्ये मुदत भरली तेव्हा ७२ हजारांच्या आसपास रक्कम हातात आली, आणि त्याच वर्षी भाचा इंजिनिअरिंगला लागला. दादाने साठ हजार कॉम्प्युटरला काढले, बाकीचे पुस्तकांना ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ठरव. पण आईच्या पैशांचे खेळ नकोत."

आणि भाच्याला हवा होता गेमिंगचा पीसी. घ्या!

मी दोघांनाही सांगितलं की आधी स्क्रीन कोणती ते ठरवा. का, ते सांगते. कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे सेकंदाला साठ रांगोळ्या काढणं. ठिपके मांडायचं काम प्रोसेसरचं: कोण कुठे उभा आहे, बाण कुठे लागला, दार उघडलं की नाही. त्यात रंग भरायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. साठ रांगोळ्या म्हणजे एकीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. नक्षी तीच ठेवून रांगोळी मोठी केली तर ठिपके तेवढेच राहतात, रंग भरणारीचं काम मात्र वाढतं. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिकाणी रंग भरायचा असतो. त्याच्या वरच्या १४४० च्या स्क्रीनवर तोच आकडा ३६,८६,४०० होतो, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडा जास्त. म्हणून मोठी स्क्रीन घेतली की कार्ड महाग घ्यावं लागतं. उलट सेकंदाला साठऐवजी १४४ रांगोळ्या हव्या असतील तर ठिपके मांडणारीचीही धावपळ होते, कारण आता एकीला सातच मिलिसेकंद मिळतात. तेव्हा प्रोसेसर तगडा लागतो. व्हॅलोरंटसारख्या खेळात, जिथे पोरांना दोनशे-दोनशे फ्रेम हव्या असतात, तिथे हेच होतं.

दोघींपैकी एक फार हळू असली की दुसरी नुसती बसून राहते. आणि बसून राहणाऱ्या बाईला तुम्ही वीस हजार मोजलेले असतात. स्वस्तातला पीसी जुळवणं म्हणजे कुणी कुणासाठी ताटकळू नये एवढंच बघणं. दुकानातला मुलगा प्रोसेसर आधी विकतो, कारण तुम्ही तोच आधी विचारता.

साठ हजारात स्क्रीन फुल एचडीच. ठरलं.

मग कार्ड. आणि इथे गाडी अडली. कारण दादाने अगदी बरोबर प्रश्न विचारला, "कार्डच नसेल तर?"

त्याला कुणीतरी ऑफिसमध्ये सांगितलं होतं की काही प्रोसेसरांच्या पोटातच ग्राफिक्स असतं. खरं आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी असा आहे. इंटेलच्या १२४०० मध्येही असतं, पण १२४००एफ मध्ये नसतं. शेवटचा 'एफ' म्हणजे चित्र काढायचा विभाग बंद. एएमडीच्या नुसत्या ५६०० मध्येही तो नसतो. त्यात कार्ड लावलं नाही तर स्क्रीनवर काही म्हणजे काहीच दिसत नाही. म्हणजे बघा, प्रोसेसर कुठला हा तांत्रिक प्रश्न वाटत होता, पण त्याच्या आत आमच्या घरातलं भांडण बसलं होतं. 'आधी साधा पीसी, कार्ड पुढच्या वर्षी' असं करायचं असेल तर पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हवा. कार्ड आत्ताच घ्यायचं असेल तर नुसता ५६०० किंवा १२४००एफ.

तडजोड करायला सगळ्यांनाच आवडतं, पण ५६००जी मध्ये एक मेख आहे. त्याची एल३ कॅश १६ एमबी आणि ५६०० ची ३२. कॅश म्हणजे शेगडीजवळचा मिसळणाचा डबा. रॅम म्हणजे कोठीची खोली. डबा लहान असला की सारखं उठून कोठीत जावं लागतं, आणि खेळांमध्ये हे उठणं-बसणं फार होतं. उद्या कार्ड लावलं तरी डबा लहानच राहणार. इंटेलच्या एफ नसलेल्या १२४०० ला ही अडचण नाही, म्हणून मधला मार्ग खरा तोच होता. आम्ही विचारलं तेव्हा एफवाल्यापेक्षा अडीच-तीन हजार जास्त पडत होते. दादाला तो फार आवडला. "हा घ्या. ड्रॉइंगबिइंग सगळं चालेल ना? मग कार्डाचं पुढच्या वर्षी बघू."

इथे मी एक गोष्ट करू शकले असते. "कॅडला कार्ड लागतंच," असं ठोकून दिलं असतं तर दादाने मान्य केलं असतं. पण पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगला वीस हजारांचं कार्ड लागत नाही. पुढे उपयोग होतो, आत्ता गरज नाही. शिक्षणाच्या नावावर कार्ड खपवणं मला पटेना, आणि आईच्या पैशांत तर मुळीच नाही. मी दादाला स्पष्ट सांगितलं की अभ्यासाला लागतं ते सगळं चाळीस हजारांत होतंय, वरचे वीस हजार शुद्ध खेळाचे आहेत.

भाचा गप्प. मी विचारलं, "तुला नक्की कुठला खेळ खेळायचाय? नुसता व्हॅलोरंट असेल तर पोटातलं ग्राफिक्सही बऱ्यापैकी चालवतं रे."

"एल्डन रिंग," तो म्हणाला.

हा खेळ आला २०२२ च्या फेब्रुवारीत. घरात तो चालेल असं काही नव्हतं, म्हणून भाचा फोनवर दुसऱ्यांनी खेळलेला बघत बसायचा आणि शेजारी आई. त्यात टोरंट नावाचा शिंगांचा घोडा आहे. आईला बाकी राक्षसांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न एकच, "ह्याला खायला कोण घालतं?" मग एक दिवस कळलं की घोडा घायाळ झाला की त्याला मनुका खायला घालता येतात. (खरंच आहे, खेळात आहेत.) तेव्हापासून कुठेही घोड्याला फटका बसला की आई फोनकडे बघून ओरडायची, "अरे, मनुका दे त्याला!" खेळणारा कोण तो अमेरिकेतला पोरगा, त्याला काय ऐकू जाणार.

दादाने चष्मा काढून पुसला. "तो मनुकांवाला?"

"हो."

"कार्ड किती म्हणालीस?"

तर असं कार्ड ठरलं. मग बाकीचं भराभर झालं, कारण एकदा स्क्रीन आणि खेळ पक्के झाले की पुढचं गणित सोपं असतं. एल्डन रिंग सेकंदाला साठ फ्रेमच्या वर जातच नाही, तशी मर्यादाच घातलेली आहे. बनवणाऱ्यांची शिफारस १६ जीबी रॅम आणि रायझन ५ ३६००एक्सची. ५६०० त्याच्या पुढच्या पिढीचा, सहा कोअर आणि बारा थ्रेड, तेव्हा चिंता नाही. आणखी तीन हजार वाचवायला ५५०० घेता आला असता, पण त्याचाही डबा १६ एमबीचाच. प्रोसेसर पाच वर्षं बदलायचा नव्हता, म्हणून तिथे हात आखडला नाही. १२४००एफ आणि ५६०० मध्ये डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. बोर्ड धरून त्या दिवशी जो स्वस्त पडेल तो घ्यावा. आम्हाला एएमडी आठशे रुपयांनी स्वस्त पडला.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेलो. भाव त्या दिवसाचे देते. प्रोसेसर ११,२००. बी४५० बोर्ड ५,७००. आठ-आठच्या दोन स्टिक, १६ जीबी डीडीआर४ रॅम ३,४००. एक टीबी एसएसडी ५,१००. आरएक्स ६६०० कार्ड २०,३००. साडेपाचशे वॅटचा ब्राँझ एसएमपीएस ३,९००. कॅबिनेट २,३००. २४ इंची १०० हर्ट्झची स्क्रीन ८,०००. एकूण ५९,९००. उरलेल्या शंभरात दोघांचे वडापाव आणि चहा.

कार्डाच्या नावांतही गंमत आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं मिळत होती, २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं. दुसऱ्यात नुसती मेमरीच कमी नाही, आतले कोअरही कमी आहेत. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला भाच्याला लावलं, माझा चष्मा पुरेना. ६६०० नेहमीच्या खेळांत दोन्हींपेक्षा पुढे, म्हणून ते घेतलं.

एका दुकानात कॅबिनेटबरोबर एसएमपीएस 'फ्री' मिळत होता. मी हात जोडले. ६६०० ला १३२ वॅट लागतात, प्रोसेसरचे ६५ लिहिलेले असतात, म्हणजे भरपूर वॅटचा नको, पण जेवढे लिहिलेत तेवढे खरे देणारा हवा. हाच एक भाग असा आहे की जो मरताना इतरांना घेऊन जातो. दुसऱ्या दुकानात "बिनबिलाचं घ्या, अठरा टक्के वाचतील," असं हळूच सुचवलं गेलं. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तेच दुकान तुम्हाला ओळखतही नाही. आणि बी४५० बोर्ड मूळचे २०१८ चे, त्यांचं बायॉस जुनं असेल तर ५६०० लावून ते सुरूच होत नाहीत. म्हणून काउंटरवरच जोडून, चालू करून घेतलं. दुकानदार जरा कुरकुरला. कुरकुरू दे.

घरी आल्यावर सगळं भाच्याने स्वतः बसवलं, मी फक्त बॅटरी धरली. शेवटी बायॉसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी चालू केला. तो केला नाही तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बरेचदा त्याहून हळू चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता निरोपवाल्यांनो, नीट ऐका. या यादीतला रॅमचा भाव विसरून जा. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचंही जाहीर केलं. रॅम महागली की सगळं गणितच फिरतं. २०२४ मध्ये मी नव्या एएम५ बोर्डाकडे गेले नाही, कारण त्याला डीडीआर५ च लागते आणि तो फरक कार्डाच्या पैशांतून गेला असता. ज्यांच्या घरी जुना डीडीआर४ चा पीसी पडलाय, त्यांनी भंगारवाल्याला देण्याआधी आतल्या रॅमच्या स्टिक काढून ठेवा आणि मला फोटो पाठवा.

परवा बंगळुरूच्या चुलतभावाने भाच्याला विचारलं, "तुझ्या दोनातली एक स्टिक देतोस का? तुला आठ जीबी पुरेल." भाच्याने साफ नाही सांगितलं. डुअल चॅनेल मोडतो म्हणाला.