धाव आणि गिरकी

जीवाणूंचं पोहणं बघायचं तर हात हलका हवा. ई. कोलायचं कल्चर पिपेटमधून जोरात खेचलं-सोडलं की फ्लॅजेला, म्हणजे पोहायचे तंतू, तुटतात, आणि मग हँगिंग ड्रॉपमध्ये दिसते ती जागच्या जागी थरथर. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तर मेलेली पेशीही तशी थरथरते. म्हणून मी कॅव्हिटी स्लाइड अलगद उलटवते, फोकस थेंबाच्या कडेवर आणते, डायफ्रॅम जरा मिटवते आणि नजर बसेपर्यंत थांबते.

खरी पोहणारी पेशी मग लपत नाही. सेकंदभर सरळ धाव, निमिषभर गिरकी, पुन्हा भलत्याच दिशेला धाव. फ्लॅजेलांच्या मोटारी घड्याळाच्या उलट फिरतात तेव्हा त्यांची एक जुडी होऊन पेशीला ढकलते. एखादी जरी सुलट फिरली तरी जुडी विस्कटते. एकेका पेशीचा माग ठेवणारा सूक्ष्मदर्शक वापरून हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ साली या धावांची मोजदाद केली. खाद्य वाढत असलेल्या दिशेची धाव लांबते, एवढंच त्यांना दिसलं. दिशा निवडणं पेशीच्या हाती नसतंच.

मला या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. जेमतेम दोन मायक्रॉन लांबीच्या शरीराला पुढच्या आणि मागच्या टोकाकडची चव ताडून बघणं फार अवघड. त्याच वर्षी मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी साल्मोनेला झटक्यात सेरीन या त्यांना आवडणाऱ्या अमिनो आम्लाच्या जास्त मात्रेत मिसळले. आता सगळीकडे सेरीन सारखंच, कुठे चढ नाही की उतार नाही. तरीही पेशी गिरक्या विसरून काही काळ सरळ पोहत राहिल्या. म्हणजे त्या आत्ताची चव मघाच्या चवीशी ताडत होत्या.

ही आठवण ग्राहक प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मिथाइल गटांत असते. सेरीन ग्राहकाला चिकटलं की चे-ए हे प्रथिन लगेच थंडावतं, चे-वाय या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट कमी मिळतो आणि मोटार सुलट फिरायची टळते. मिथाइल गट सावकाश चढतात, म्हणून काही सेकंदांपूर्वीचा हिशेब त्यांच्यात उरलेला असतो. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, आणि तरी स्मृती!

प्रॅक्टिकलला बसणाऱ्या मुलांना एकच विनंती. जर्नलमध्ये ‘मोटाइल’ लिहायच्या आधी एक पेशी निवडा आणि ती फोकसबाहेर जाईपर्यंत तिची पाठ सोडू नका.