खेळणेच्या कांठीं

सिल्लोड तालुक्यांतून वाहणारी खेळणा नदी पुढें भोकरदनावरून जाऊन पूर्णेस मिळते. या वैशाखांत आम्ही तिच्या कांठीं गेलों. पात्र कोरडें पडलें होतें. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगास मात्र गुडघाभर पाण्याचा डोह उरला होता व त्यांत एक मरळ दिसला. पाण्याबरोबर मत्स्यकुलहि वांचलें, असें आम्हीं आनंदानें वहींत टिपलें.

जवळच जाळें विणीत बसलेले वृद्ध भोई हंसले. "गुरुजी, मरळ वर येऊन हवा घेतो, कुजक्या पाण्यांतहि तो तगतो. बारीक मासळी कोठें आहे, तें पाहा." ती कोठेंच नव्हती.

अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत, ओढ्यांत ओंडके व दगड रचून माशांस आसरा करण्याची रीत हब्ज, ग्रीली व टार्झवेल यांनीं 1932 सालीं ग्रंथरूपानें मांडली. ती रचना माशांसाठीं, आपला बंधारा पिकांसाठीं. तरी बांधल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहणें दोहोंसहि अवश्य. पावसाळ्यापूर्वीं सर्व फळ्या निघून चढणीच्या माशांस वाट मिळाली काय, उन्हाळ्यांत डोह किती खोल राहिला, त्यांत कोणत्या जाती उरल्या, हें दरसाल लिहून ठेवावें.

वहींतील तें वाक्य आम्हीं खोडलें. मृग लागतांच नातवंडांसह पुन्हा जाणार आहों. वाचकांनींहि आपापल्या गांवचा डोह असाच पाहावा.