पैनगंगेपलीकडचे दोन दिवस

केळापूरच्या जगदंबेचे दर्शन घेऊन पांढरकवड्याहून बसने निघाले, की पाटणबोरीनंतर पैनगंगा ओलांडताच तेलंगण लागते. पुढे आदिलाबाद. तिथे दोन दिवस थोडक्या पैशांत हिंडलो, ते मराठीच्या भरवशावर. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे मराठी तिथे परकी नाही. बसच्या पाट्या मात्र तेलुगूत. गाव विचारूनच चढावे. ‘एंत’ म्हणजे किती, ‘पत्ती’ म्हणजे कापूस, हे आधी शिकावे. बाजारात भाव ठरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. ‘पालु’ ऐकून दचकू नये, ते दूध! आणि आयाबायांनो, तिथल्या सरकारी बसमध्ये २०२३ पासून बायकांना फुकट प्रवास आहे खरा, पण तो तेलंगणच्या रहिवाशांना. आपण तिकीट काढायचे.