दगडाचं माहेर

मैत्रिणींनो, कोलकात्याला जाऊन आलेली बाई काय सांगणार? कालीघाट, दक्षिणेश्वर, हावड्याचा पूल आणि तांताच्या साड्या! ते सगळं मीही केलं. पण माझ्या यादीत सगळ्यांत वर होतं चौरंगीवरचं जादूघर, म्हणजे १८१४ साली स्थापन झालेलं तिथलं संग्रहालय. मला बघायचे होते आकाशातून पडलेले दगड.

त्याचं असं झालं. माझी मावशी काटोलला असते. २२ मे २०१२ ला भर दुपारी काटोल परिसरात मोठा गडगडाट होऊन दगड पडले, ते काहींना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी मावशीला परसात एक काळा दगड दिसला. तेव्हापासून तो तिच्या फडताळात जपलेला. "चाललीच आहेस, तर हा खरा का ते विचारून ये," तिने बजावलं. मी त्याचा फोटो घेतला आणि निघाले. सोबत होत्या माझ्या नणंदबाई, कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या.

कपाटापुढे उभी राहिले आणि खरं सांगू? हिरमोडच झाला. ना चमक, ना रंग. "वन्सं, हे तर आपल्या पाट्या-वरवंट्याचे तुकडे दिसताहेत!"

वन्सं हसल्या. "वहिनी, तुम्ही धान्य निवडता ना, तसंच हे निवडायचं. आधी तीन ढीग : लोखंडी, दगडी आणि मिश्र. शंभरांत नव्वदांहून जास्त दगडीच. त्यांतल्या बहुतेकांत बारीक गोल कण असतात, राजगिऱ्यासारखे. ते कॉन्ड्राइट. वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं! मग लोखंड किती यावरून अक्षर आणि किती भाजला गेलाय यावरून आकडा. काटोलचा दगड 'एल ६'. म्हणजे लोखंड बेताचं, पण भाजणी अशी खरपूस की गोल कण जेमतेम ओळखू यावेत."

"आणि ज्यांत कणच नाहीत ते?"

"ते अकॉन्ड्राइट. कुठल्यातरी ग्रहगोलावर वितळून पुन्हा थिजलेले. हे दुर्मिळ."

त्यांतलाच एक आपल्या बिहारचा. २५ ऑगस्ट १८६५ ला गया जिल्ह्यातल्या शेरघाटीजवळ पाचेक किलोचा दगड पडला. त्याचा मोठा भाग कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात राहिला. शंभरावर वर्षं त्याचं मूळ कुणाला उमगलं नव्हतं. पुढे त्याच जातीचा एक दगड अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडला. त्यात अडकलेला वायू १९८३ साली तपासला, तर १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी मोजलेल्या तिथल्या हवेशी तो जुळला! शेरघाटीचा पाहुणा मंगळाचा निघाला. आता जगात कुठेही असा दगड मिळाला, तरी त्याच्या जातीला 'शेरगोटाइट'च म्हणतात. आपलं नाव सासरी बदलतं, पण या दगडांना पडल्या गावाचं नाव कायमचं मिळतं. तेच त्यांचं माहेर. कुणीतरी त्या दिवशी गाव आणि तारीख लिहून ठेवली, म्हणून हे जमलं.

मग मी हळूच मावशीचा फोटो पुढे केला. वन्सं गप्प झाल्या. "वहिनी, यावर बुडबुड्यांची भोकं आहेत. आकाशातल्या दगडावर सहसा नसतात. जळाल्याची पातळ काळी सालही दिसत नाही. हा आपला दख्खनचा कातळ."

परतताना काटोलला उतरले. मावशीला सांगताना माझाच जीव खालीवर होत होता. तिने ऐकून घेतलं, दगड हातात घेऊन जरा वेळ पाहिला.

"बारा वर्षं रोज पुसला गं," एवढंच म्हणाली.

तर मैत्रिणींनो, तुमच्या अंगणात कधी असा पाहुणा आलाच, तर त्याला धुऊ-घासू नका, लोहचुंबक लावू नका. स्वच्छ कागदात गुंडाळा, तारीख, वेळ, जागा लिहा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. फडताळात ठेवून त्याची जात कळत नाही.

आणि मावशीचा दगड? यंदा तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर बसला आहे. मावशी म्हणते, "आकाशातला नसेना का, बारा वर्षं माझ्या घरचा तर आहे!"